सुकटीला माफी

"काय ताई, आज गावाचा खोकला कसा आहे?"

माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून ते रोज हेच विचारायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मान वाकडी करून माझ्या पाठीमागच्या फळीवरच्या खोकल्याच्या बाटल्या बघायचे आणि फळी रिकामी दिसली की भुवया वर चढवायचे. मी म्हणायची, "थंडी आहे काका, बाटल्या खपणारच." त्यावर ते म्हणायचे, "थंडी पालघरलाही आहे. तिथल्या दुकानात विचारून आलो. त्यांची फळी भरलेली आहे."

आधी मला वाटलं, माणूस रिकामटेकडा आहे. निवृत्त माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला कोणता आजार आहे याची चौकशी करतात, हे तुम्हीही बघितलं असेल. माझ्या पायरीवर असे दोन-तीन नग कायम असतात. पण हे चौकशी करत नसत. हे लोकांचे हात बघत. गोळ्यांची पट्टी फाडताना म्हाताऱ्याचा अंगठा कुठे घसरतो, बाटलीचं झाकण उघडताना बाई पदर का वापरते, हे एकटक बघत बसायचे. एकदा एका बाईनं मला हळूच विचारलंसुद्धा, "तुमचे ते काका असे का बघतात?" मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही हो, झाकणाकडे बघतायत."

ते मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी इकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि एका कारखान्याच्या आरेखन विभागात आयुष्य काढलं. यंत्रांसमोर जे मोठे बटणांचे आणि दिव्यांचे फलक असतात, ते आखायचं त्यांचं काम. कोणतं बटण कुठे, कोणता दिवा लाल, घाबरलेल्या माणसाचा हात आधी कुठे जातो. "घाबरलेला माणूस आजूबाजूला बघत नाही, ताई. समोर असेल ते दाबतो. म्हणून बंद करायचं बटण समोर." माझ्या दुकानातला विजेचा बोर्ड दाराच्या मागे आहे. तो त्यांनी पहिल्या दिवशी बघितला आणि म्हणाले, "हा बसवणाऱ्याला आई नव्हती का? अंधारात ती कशी शोधणार?"

वस्तूंचा त्यांना असा राग यायचा, माणसांचा कधी आला नाही.

काका-काकू वरच्या मजल्यावर राहायचे त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या खोलीत सुक्या मासळीवाली मावशी राहते. एडवणची. नवरा गेला, मुलगा वापीला. बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. तिला डोळ्यात औषध घालता येत नसे, हात थरथरायचा आणि थेंब गालावर पडायचा. काकांनी ते दुकानात बघितलं आणि तार वाकवून, चष्म्यासारखी डोळ्यावर बसणारी एक वस्तू तयार केली. बाटली तिच्यात उलटी ठेवायची, मान मागे करायची, थेंब बरोबर डोळ्यात. मी म्हटलं, काका, याचा कारखाना काढा. पंधरवड्यानं आम्ही मावशीकडे गेलो, तर ती वस्तू भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली आणि बाटलीच्या जागी मशेरीची डबी.

"बरोबर मापाची हाय," मावशी म्हणाली. "पडत नाय बग."

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरपणे जवळ जाऊन डबी काढून-घालून बघत राहिले. "माझी चूक झाली," म्हणाले. "मी यांचं दुखणंच चुकीचं निवडलं."

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमची बोईसरजवळच्या सरावलीतली गल्ली म्हणजे कारखान्यातल्या माणसांची वस्ती. कोणी साताऱ्याचं, कोणी जळगावचं, कोणी थेट बिहारचं. समोर नाला, नाल्यापलीकडे कारखान्यांच्या भिंती. वारा पडला की वास येतो. आम्ही त्या वासांना नावं देऊन ठेवली आहेत. सडक्या कांद्याचा, पिकल्या केळ्याचा, नेलपॉलिशचा. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्ही म्हणतो, आज तर काहीच नाही, केळ्याचाच आहे.

काकांना मात्र यातला एकही वास येत नसे. त्यांचं नाक तरुणपणीच गेलेलं होतं. कशानं गेलं हे डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं. काकूंचं आपलं ठरलेलं उत्तर होतं, "कारखान्यानं पगार दिला आणि नाक ठेवून घेतलं." घरात दूध करपलं तरी यांना पत्ता नाही, उदबत्ती लावली तरी नाही. म्हणून संध्याकाळी गच्चीवर उभे राहून येईल त्याला विचारायचे, "वास कसला?" आंधळ्यानं रस्ता विचारावा तसं. लोक थट्टेनं काहीही सांगायचे. "काका, आज गुलाबाचा." ते मान डोलवायचे आणि तेही मनात धरून ठेवायचे.

स्वतःला नाक नाही म्हणून या माणसानं अख्ख्या गल्लीसाठी नाक बनवायला घेतलं. दुसरं कोणी असतं तर कानटोपी घालून गप्प बसलं असतं.

विजेच्या बटणांचा असतो तसा एक पांढरा डबा. आत हवेतला वायू ओळखणारा बोटाएवढा सेन्सर आणि एक छोटं सर्किट. अशी यंत्रं बाजारात मिळतात, मीही बघितली आहेत. पण यांचं म्हणणं वेगळं होतं. "ती सगळी यंत्रं एकटी आहेत, ताई. आपल्या घरात काय झालं तेवढंच त्यांना कळतं. यंत्रानं हुशारी करू नये, शेजारधर्म करावा." म्हणजे असं, की एका घरातल्या डब्याला काही खटकलं, की त्यानं आरडाओरडा करायचा नाही. आधी शेजारच्या डब्यांना विचारायचं, तुला काही कळतंय का? त्यांनी हो म्हटलं, तर मग सगळ्यांनी मिळून घरं जागी करायची. आणि पुढच्या गल्लीला, त्याच्या पुढच्या गल्लीला कळवायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर बोईसरपासून तारापूरपर्यंत घराघरांत डबे होते. "वारा चालत येतो, आपला निरोप पळत जाईल," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी हिशेबाची वही मिटून ऐकत बसायची.

मग प्रश्न आला आवाजाचा. भोंगा लावून बघितला, तर मुलं रडायला लागली आणि एका आजीला दवाखान्यात न्यायची वेळ आली. काका बरेच दिवस घुम्यासारखे फिरत होते. एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "सापडलं. आपल्याकडे वडीलधारा माणूस घरात शिरताना काय करतो?"

"चप्पल काढतो," मी म्हटलं.

"त्याच्या आधी. खाकरतो. आतल्या बायकांना सावध करायला. दचकवत नाही, नुसतं सांगतो, की बाई गं, कोणीतरी येतंय."

आणि खरोखर, त्यांनी न्हाणीघरात उभं राहून स्वतःचं खाकरणं ध्वनिमुद्रित केलं. न्हाणीघरात का, तर तिथं आवाज घुमतो. काकूंना वाटलं यांना दमा झाला, त्या काढा घेऊन दारात उभ्या. एकट्या डब्याला काही खटकलं तर तो एकदाच हलकेच खाकरायचा. तीन डबे एकमताचे झाले की सगळ्या गल्लीतले डबे खोकल्याची उबळ आल्यासारखे खोकायला लागायचे. वीसेक घरांत त्यांनी ते फुकट बसवले. माझ्या दुकानातही एक बसवला, अर्थातच अंधारात हाताला लागेल असा.

आम्हाला गंमत वाटली, नाही म्हणत नाही. बिहारी पोरं खालून ओरडायची, "काका, आपका डिब्बा खाँस रहा है, दवाई दो." पण इमारतीच्या मीटरच्या खोलीत वायर जळत होती, ते पहिल्यांदा डब्यांनीच सांगितलं. तेव्हापासून लोक डब्याला थोडे मानायला लागले. एका घरात तर त्याला दसऱ्याला झेंडूचं फूल वाहिलं होतं.

आणि मग आडवी आली सुकट.

आमच्या भागात बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ताजी मासळी महाग झाली की तव्यावर सुके बोंबील, सुकट, करदी. एका घरात सुकट भाजली की वास चार घरांत जातो आणि चार घरांत भाजली की सगळी गल्ली खोकायची. दर रविवारी सकाळी वीस घरांतून काकांचं खाकरणं. तुम्हीच सांगा, कोण सहन करील? लोकांनी त्यावर आमच्या पद्धतीचा उपाय काढला. सुकट तव्यावर टाकायच्या आधी डब्याचं बटण बंद. भाजून झालं की चालू करायचं, असं सगळे म्हणायचे. पण जेवण झाल्यावर रविवारी कोणाला काय आठवतं? काही घरांत डब्यावर टॉवेल टाकलेला असायचा. काका घरोघरी जाऊन टॉवेल काढायचे आणि बटण चालू करायचे. वाढत्या वयात त्यांना तो एक उद्योगच लागला.

शेवटी गल्लीतली माणसं त्यांच्याकडे गेली. पुढे मावशी.

"भाऊ, तुजा डबा माज्या धंद्यावर उटलाय," ती म्हणाली. "बायका बोंबील घ्यायला भितात. म्हनतात, घरात म्हातारा खोकते."

"मावशी, त्याला तुमचे बोंबील आणि विषारी वायू यांतला फरक कळत नाही."

"तं शिकव ना. पोरांना शिकवतो तसा. त्याला सांग, ही सुकट हाय, हिला माफ कर."

ते कितीतरी दिवस तयार नव्हते. माझ्याकडे येऊन बोलून दाखवायचे. "दुर्लक्ष कर असं एकदा शिकवलं की तो डबा कायम दुर्लक्ष करणार. माणूस विसरतो, चुकतो, मधेच शंका घेतो. याला शंका येत नाही." मी विचारलं, "मग काय करणार?" ते म्हणाले, "तोच तर घोळ आहे. सगळं ऐकणारा डबा लोक बंद करून ठेवतात. म्हणजे तो काहीच ऐकत नाही." शेवटी त्यांनी ठरवलं, की बंद डब्यापेक्षा थोडा अडाणी डबा बरा. मला तेव्हा ते पटलं होतं. आजही त्यांच्या जागी दुसरं काय करता आलं असतं, ते मला सुचत नाही.

मग एका रविवारी मावशीच्या दारात जत्रा भरली. हा शुद्ध शाकाहारी माणूस पाटावर बसला, समोर शेगडी आणि तवा, बाजूला डबा आणि सर्किटच्या वायरी. मावशीनं टोपलीतून एकेक प्रकार काढायचा, भाजायचा आणि ओरडून नाव सांगायचं. बोंबील. करदी. मांदेली. बांगडा. डब्यानं खाकरलं की काका काहीतरी बटणं दाबायचे, परत भाजायला लावायचे, तो गप्प बसेपर्यंत. काकूंनी वास मारायला कापूर लावला, तर डबा कापरालाच खोकला, आणि मावशी म्हणाली, "याला देवाचं वावडं हाय." भाजलेलं सगळं गल्लीनं भाकरीबरोबर खाल्लं. एकूण एक डबे दुरुस्त होऊन परत भिंतीवर गेले. सुकटीला माफी मिळाली, असं लोक महिनाभर एकमेकांना सांगत होते, आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कोणीही डबा बंद केला नाही.

थंडीतला रविवार होता. सकाळी धुकं, वारा अजिबात नाही. मी दुकान उघडत होते, तेव्हा सुकटीचा वास आला. नेहमीपेक्षा जरा उग्र, पण रविवारच होता. मनात आलं, कोणीतरी आज लवकर तवा ठेवलाय. वर काकूंनी पदर नाकाला लावून तेच म्हटलं, "सुरू झालं बाई यांचं सकाळी सकाळी." काका चहा पीत होते. ते हसून म्हणाले, "भाजू दे. डब्याला माहीत आहे."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. प्रत्येक वेळी याच वाक्याशी येऊन थांबायचे.

वास वाढत गेला. मग डोळे चुरचुरायला लागले, घशात काटे आले. दुकानात एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली आणि पायरीवरच ओकली. तेव्हा कोणीतरी ओरडलं की पळा, ही सुकट नाही. नाल्यापलीकडे कुठल्याशा कारखान्यात झडप निसटली होती. कुठल्या, ते आजही आमच्यात वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात. सडक्या माशासारखा वास येणारं ते रसायन होतं. कारखान्यातल्या माणसांना असं रसायन असतं हे ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं. पण त्याचा वास त्यांनी कधी घेतलेला नव्हता, आणि सुकटीचाही नव्हता.

आम्ही वाऱ्याविना साचलेल्या त्या धुक्यातून तोंडाला ओल्या ओढण्या बांधून पळालो. भिंतीवरचे सगळे डबे चालू होते. हिरवे दिवे लागलेले. एकही खाकरला नाही.

मावशी खोलीचं दार लावून आत टोपली निवडत बसली होती. सोमवारच्या बाजाराची तयारी. तिला वाटलं, वास आपल्याच टोपलीचा. तिला बाहेर काढली तेव्हा ती बेशुद्ध होती.

बाकीचे सगळे दोन-चार दिवसांत घरी आले. मावशी पुष्कळ दिवसांनी आली, आणि आली ती निम्मी होऊन. आवाज खोल गेलेला, दोन पावलं चालली की धाप. बाजार बंद झाला तो कायमचा. माझ्याकडून तिला श्वासाचा पंप जायला लागला.

काकांना कोणी एका शब्दानं बोललं नाही. उलट लोक म्हणायचे, काका, तुमचा काय दोष, वायू सोडणारे ते, तुम्ही थोडेच? खरंच होतं ते. पण त्या माणसाचा चेहरा बघवत नसे. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. ते माझ्या पायरीपर्यंत यायचे, पण फळीकडे बघायचे नाहीत. एकदा म्हणाले, "ताई, डबा बिघडला असता तर मी दुसरा केला असता. तो बिघडला नव्हता. मी शिकवलं तसाच वागला." मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

मग त्यांनी परत सुरुवात केली. आता डब्याला फरक शिकवायचा होता. सुकट ती सुकट आणि सुकटीसारखी ती वेगळी. त्यासाठी नाक पाहिजे, ते यांच्याजवळ नव्हतं. गल्लीतल्या लोकांना त्यांनी विचारलं, पण सुकटीचं नाव काढलं की लोक दार लोटून घ्यायचे. तेव्हा मावशी म्हणाली, "मी हाय ना." मावशीचं नाक बोईसरच्या बाजारात प्रसिद्ध होतं. डोळे मिटून बोंबील हुंगायची आणि कुठल्या बंदरावरचा, कधीचा वाळवलेला, ते सांगायची.

रोज दुपारी चहाच्या आधी काका तिच्या खोलीत जायचे. गॅसवर तवा ठेवायचे, स्वतः बोंबील भाजायचे, कधी नुसते, कधी आधी पाण्यात सडवून. मावशी कॉटवर उशीला टेकून बसलेली. "आता?" "आता वास सुटला." "आणि हा?" "हा वेगला हाय. कुजका हाय." ते डब्याकडे बघायचे, आकडे जुळवायचे, परत विचारायचे. काकू म्हणाल्या, "त्या अपघातापासून हे पहिल्यांदा धड जेवायला लागलेत." मलाही बरं वाटलं. गल्लीला वाटलं, आता डबा शहाणा होणार.

एका दुपारी मावशीचा पंप द्यायला मी तिकडे गेले. बोळातच करपट वास आला, इतका की मला ठसका लागला. दार उघडं होतं. तव्यावर बोंबलांचा कोळसा झाला होता, खोलीत धूर. तव्याकडे पाठ करून काका गुडघ्यावरच्या डब्यात डोकं घालून बसले होते.

"आता कसा आहे, मावशी?"

"आता मस्त खमंग सुटलाय," मावशी म्हणाली.

मी दारात तशीच उभी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बारीकशी मान हलवली, बोलू नको म्हणून. पण माझ्या तोंडून तोवर निघून गेलं होतं. "मावशी, करपलंय सगळं."

काकांनी वळून तव्याकडे बघितलं. मग उठून गॅस बंद केला. खिडकी उघडली. पुन्हा येऊन मावशीसमोर पाटावर बसले.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यातून आले तवापासून. कायच येत नाय. मशेरीचा पन नाय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

मावशीला धाप लागली होती. मी पंप पुढे केला, तो तिनं हातात धरून ठेवला. "सांगितला असता तं तू आला असतास का, भाऊ?" ती म्हणाली. "तुज्या तोंडावर जरा रंग आलता. मला पन कोन हाय दुपारचा."

काका उठले. तवा घेऊन नळाखाली गेले आणि घासत बसले. तवा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी घासत होते. मी तिथून निघाले, कारण मला रडू येत होतं आणि त्या दोघांसमोर मला रडायचं नव्हतं.

डब्याचं काम तिथं संपलं. ते मात्र रोज दुपारी जात राहिले, रिकाम्या हातानं. बोंबील भाजायचे, आता वासावर नाही, रंगावर. "लालसर झाले मावशी." "उलट मंग." पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची मुलगी आली आणि दोघांना मिरजेला घेऊन गेली. काकूंचाही घसा धरलेला असायचा, त्यामुळे कोणी थांबा म्हणू शकलं नाही. जाताना काका गल्लीतून एकेका घरात गेले आणि डब्यांचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. डबे काढून नेले नाहीत. भिंतीवर राहिले आहेत. माझ्या दुकानातल्या डब्यावर मी पावत्यांची क्लिप अडकवते.

त्यांच्यामागे आमच्या गल्लीत एक रीत पडली आहे. कोणी पाडली ते सांगता येणार नाही. सुकट तव्यावर टाकायच्या आधी बाई खिडकीत येऊन ओरडते, "सुकट टाकतेय गो." खालून, वरून कोणीतरी म्हणतं, "टाक." बिहारी पोरंसुद्धा ओरडतात, "सुखट डाल रहे हैं." आणि न सांगता वास आला, तर लोक दारात येऊन विचारतात, कोण भाजतंय? मग एखादी ओशाळून म्हणते, मी गं, विसरले. सगळे आत जातात. काकांना मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांनी ते मला परत एकदा सांगायला लावलं. मग मावशी कशी आहे, असं विचारलं.

काल सकाळी धुकं होतं. मी दुकानाचं शटर वर करत होते आणि सुकटीचा वास आला. मी बाहेर येऊन उभी राहिले. समोरची बाई दारात आली. वरच्या मजल्यावरच्या दोघी खिडकीत आल्या. मावशी कॉटवरून उठून, भिंतीला धरत इमारतीच्या दारापर्यंत आली. तिला वास येत नव्हता, पण आमचे चेहरे दिसत होते.

"कोण भाजतंय गो?" मी विचारलं.

समोरची वर बघत होती, वरच्या खाली बघत होत्या. कोणीतरी परत विचारलं, जरा मोठ्यानं. बिहारी पोरांच्या खोलीचं दार उघडलं आणि एकानं मान बाहेर काढून हात हलवले, आम्ही नाही.

कोणीच हो म्हणत नव्हतं. आम्ही सगळ्या आपापल्या दारांत उभ्या होतो, एकमेकींच्या तोंडाकडे बघत.